कुरणात काटेरी, पिवळ्या फुलांचं झाड पसरतंय : हे थिसल का?

सत्तरीकर (रविवार, सकाळी)
मंडळी, झाडंपेडं ओळखणाऱ्यांची मदत हवी. गोव्यात सत्तरी तालुक्यात, वाळपईच्या आत, म्हादई नदीच्या काठापासून जवळ आमची थोडी जागा आहे. काजू सगळे उतारावर, हा एकच तुकडा सपाट, म्हणून गुरं इथेच सोडतो. पाऊस ओसरल्यावर तिथे काटेरी रोपं उगवली. दिवाळीच्या सुमारास जमिनीला चिकटून गोल पसरली होती, आता गुडघ्याला लागतात. पानांच्या कडांना काटे, रंग निळसर हिरवा, शिरा पांढऱ्याफटक. गुरं तोंड लावत नाहीत. आजूबाजूचं गवत चरून बोडकं झालंय आणि ही झाडं तेवढी ताठ उभी. भाच्याने मोबाइलमधल्या अ‍ॅपला दाखवलं तर ते ‘मिल्क थिसल’ म्हणालं. परदेशात म्हणे हे कुरणात शिरलं की शेतकरी मेटाकुटीला येतो. खरंच तेच का, आणि काढायचं कसं? फोटो चढत नाहीत, इथे रेंजची बोंब आहे.

डिचोलकर
कोळसुंदा असणार. आमच्या शेताच्या बांधाला भरलाय. काटे म्हणजे काटेच.

मोरजेची_बाय
आमच्या खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या खारट शेतात, मारांडी असते, तिचीही पानं अशीच काटेरी. पण ती खाऱ्या पाण्याला धरून राहते, तुमच्याकडे सत्तरीत कशी येणार?

रानभूल
सत्तरीकर बाब, फोटो नसला तरी चालेल, एवढं बघून सांगा. पान किंवा खोड मोडलं तर चीक येतो का, कसला? फूल उमललं असेल तर पाकळ्या मोजता येतात, की झेंडूसारखा गेंद आहे? काटे पानांवरच आहेत की खोडावरही? आणि झाडं पाणी साचतं तिथे आहेत की कोरड्यात?
अ‍ॅपचं फार मनावर घेऊ नका. पांढऱ्या शिरा दिसल्या की ते मिल्क थिसल म्हणून मोकळं होतं.

सत्तरीकर
आत्ताच जाऊन आलो. चीक येतो, हळदीसारखा पिवळा, बोटाला लागला तो साबणानेही पुरता जात नाही. फुलं दोन-चार झाडांवर उमललीत, पिवळी, पातळ चुरगळलेल्या पाकळ्या, कुठे चार कुठे सहा. खोडावरही काटे. पाणी साचतं त्या कोपऱ्यात एकही नाही. सगळी रस्त्याकडच्या अंगाला, मुरूम टाकलेला आहे त्या बाजूला.

रानभूल
मग विषय संपला. हा पिवळा धोतरा, काही लोक फिरंगी धोतरा म्हणतात, आयुर्वेदवाले स्वर्णक्षीरी. शास्त्रीय नाव आर्जेमोने मेक्सिकाना. मूळ मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतला. थिसलशी याचं नातं नाही. थिसल सूर्यफुलाच्या कुळातली, हा अफूच्या कुळातला. आपल्या साध्या धोतऱ्याशीही नातं नाही, तो वांग्याच्या कुळातला.

बाकीच्यांसाठी सविस्तर लिहितो, कारण काटेरी दिसलं की सगळ्यांना एकच नाव देण्याची आपल्याला सवय आहे.

डिचोलकरांचा कोळसुंदा, म्हणजे तालिमखाना, ओल्या जागेतला. व्हाळाच्या (ओढ्याच्या) कडेला, सरद म्हणजे पावसाळी शेताच्या बांधाला. त्याच्या प्रत्येक पेऱ्याला सहा लांब काटे गोल बसलेले असतात, पानाची कड साधी, फूल निळं-जांभळं. तो इथलाच आहे, त्याच्या वाटेला जायची गरज नाही. मारांडीही इथलीच. तिचं फूल निळसर, ती कांदळवनाच्या संगतीने राहते आणि खाजनाच्या बांधाची माती धरते, तिला मुळीच उपटू नका. भुईरिंगणी जमिनीला लोळते, जांभळं फूल, पिवळी गोल फळं, पानाच्या मधल्या शिरेवर सुळ्यांसारखे काटे. काटेमाठ गोठ्याच्या मागे शेणात माजतो, पण त्याचं पान साधं माठाचं, काटे फक्त पेऱ्यापाशी. घाटावर उटकटारी भेटते, काट्यांचा गोल चेंडू असतो तिच्या टोकाला. थिसलच्या कुळातली म्हणावी तर ही एकच, आणि तिला कोरडी हवा लागते.

यातल्या कोणालाच पिवळा चीक नाही. तेवढी एक खूण धरली तरी पुरे. मिल्क थिसलची पानं पांढऱ्या जाळीची असतात खरी, पण फूल जांभळं, गेंदासारखं, खाली काटेरी वाटी. चार-सहा सुट्या पाकळ्या थिसलला असूच शकत नाहीत.

किवी_गोंयकार
मी न्यूझीलंडला वायकाटोत एका डेअरी फार्मवर कामाला आहे, मूळचा साखळीचा. सत्तरीकर बाब, थिसल नाही म्हणून देवाला नारळ द्या. आमच्याकडे आत्ता उन्हाळा आणि कुरणात थिसलचा हैदोस. इथे ज्याला कॅलिफोर्नियन थिसल म्हणतात ते वरून मरतं, पण जमिनीखाली त्याची मुळं आडवी धावतात, बोटभर तुकडा राहिला तरी त्यातून नवं झाड. नांगर घातला की एकाचे शंभर. शिवाय बियांना म्हातारीसारखे केस, वाऱ्याबरोबर शेजाऱ्याच्या कुरणात. इथे ते पावसात कापायचा सल्ला देतात, कारण पोकळ देठातून बुरशीचा रोग आत उतरतो आणि मुळापर्यंत पोचतो. २००७ पासून एक हिरवा भुंगाही सोडलाय, त्याच्या अळ्या पानं कुरतडतात. दुसरं एक आहे, नोडिंग थिसल, मान टाकलेल्या जांभळ्या फुलाचं. त्याच्यावर अमेरिका-कॅनडात १९६० च्या दशकाच्या अखेरीस बी खाणारा सोंड्या किडा सोडला, तर तो पुढे तिथल्या मूळच्या निरुपद्रवी थिसलवरही तुटून पडला. तेव्हापासून किडा सोडायचा म्हटलं की लोक दहा वेळा विचार करतात.

तुमच्या धोतऱ्याचं बी उडतं का? मूळ कसं असतं? या दोनच गोष्टींवर पुढचं सगळं ठरेल.

रानभूल
@किवी_गोंयकार, नेमकं विचारलंत. बी उडत नाही. मोहरीएवढं काळं दाणेदार बी, केस नाहीत, पंख नाहीत. बोंड वरून फुटतं आणि बी झाडाच्या पायाशीच सांडतं. एका बोंडात ३०० ते ४०० दाणे. मूळ एकच, सरळ खाली गेलेलं सोटमूळ, वर्षभराचं आयुष्य, आडवी मुळं नाहीत. मान धरून मुळासकट उपटलं की ते झाड संपलं.
अडचण एवढीच की सांडलेलं सगळं बी एका वर्षात रुजत नाही. काही वर्षानुवर्षं मातीत पडून राहतं आणि माती खालीवर केली की उगवतं.

घाटावरचा
मी खानापूरचा. आमच्याकडे पडीक रानात आणि नदीच्या वाळूत हा डोळे मिटून सापडतो. सत्तरीकरांना एक विचारतो. बी उडत नाही, मग तुमच्या जागेत ते आलं कसं? रस्त्याकडच्या अंगालाच का? तिथे काही बाहेरून आणून टाकलं होतं का?

सत्तरीकर
मुरूम टाकलाय, पण तो आमच्याच डोंगराचा, बऱ्याच वर्षांपूर्वी. आणखी काही नाही... थांबा. उन्हाळ्यात कुळागराला, म्हणजे सुपारी-केळीच्या बागेला, शेणखत घेतलं होतं. घाटावरून चोर्ला घाटाने ट्रक येतात तसा एक घेतला. ट्रक कुळागरापर्यंत उतरत नाही, म्हणून सपाटीवरच खाली केला आणि मग पाट्यांनी वाहून नेलं. तळाचं तिथेच राहिलं होतं, पावसात पसरलं.

घाटावरचा
झालं तर मग. आमच्याकडे उन्हाळ्यात खळ्याच्या कडेची झाडलोट, गोठ्याची झाडलोट, वाळका पाचोळा सगळं उकिरड्यात जातं. धोतऱ्याची वाळकी बोंडंही त्यात. खत नीट कुजलं, आतून तापलं तर बी मरतं, पण ट्रकवाला घाईचा असला तर अर्धं कच्चंच भरतो. कडब्याच्या पेंढ्यांतूनही जातं. मी स्वतः खत विकत नाही, त्यामुळे हे मोकळेपणाने सांगतोय.

काणकोणी_माणूस
एवढी चर्चा कशाला? तणनाशक मारा, एका दिवसात काम. ग्लायफोसेट आणा, पंप पाठीवर घ्या.

वायंगण
काणकोणी भाऊ, ग्लायफोसेट गवतही मारतं. गुरांसाठी राखलेल्या जागेत गवतच मारून टाकलं तर गुरं काय चरणार, मुरूम? आणि उघड्या पडलेल्या मातीत पहिला उगवेल तो धोतराच. शिवाय ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्राने अधिसूचना काढली, ग्लायफोसेट फक्त परवानाधारक कीडनियंत्रकाने वापरायचं.

काणकोणी_माणूस
दुकानात मिळतं की राजरोस. बरं, २,४-डी मारा, ते गवताला काही करत नाही.

वायंगण
गवताला करत नाही, बाकी सगळ्याला करतं. आमच्या वायंगणात, म्हणजे हिवाळी शेतात, अळसांदे (चवळी) आणि मिरची असते. शेजाऱ्याने बांधावर २,४-डी मारलं, वारा आमच्याकडे, मिरचीची पानं वळून दोरीसारखी झाली. आणि तेही धोतरा कोवळा, जमिनीला चिकटलेला असताना चालतं. सत्तरीकरांचा गुडघाभर झालाय, फुलावर आलाय. आता फवारणं म्हणजे पैसे धुवायचे. एवढ्याशा तुकड्यासाठी तर नकोच.

काणकोणी_माणूस
मजूर कुठून आणायचे ते सांगा मग. उपटा म्हणणं सोपं आहे.

वायंगण
हे मात्र खरं.

गोठा_डॉक्टर
पशुवैद्य म्हणून थोडं लिहितो. उभं हिरवं झाड गुरं सहसा खात नाहीत, काटे आहेत आणि चव कडू. भीती आहे ती कापून मिसळण्याची. हिरव्या चाऱ्याबरोबर कोयत्याने कापलं आणि कडबाकुट्टीतून काढलं की काटे बारीक होतात, चव झाकली जाते, गाय निवड करू शकत नाही. सुक्या गवताच्या भाऱ्यात आलं तरी तेच. सगळ्या झाडात, आणि बियांत विशेष, सँग्विनारीनसारखी विषारी अल्कलॉइड्स असतात. माणसाच्या बाबतीत आपल्याला हे तेलामुळे माहीत आहे. धोतऱ्याचं बी मोहरीसारखं दिसतं, ते मोहरीच्या तेलात मिसळलं गेलं की पायांना सूज, धाप, हृदयावर ताण, डोळ्यांत काचबिंदू. १९९८ मध्ये दिल्लीत अशा भेसळीने ६० हून अधिक माणसं दगावली. त्यामुळे सत्तरीकर बाब, चारा कापणाऱ्याला हे झाड एकदा दाखवून ठेवा. आणि चरायला दुसरं काही नसेल तर भुकेलेली गुरं त्या तुकड्यात सोडू नका. पोट भरलेलं गुरू निवडून खातं, भुकेलेलं वाट्टेल ते खातं.

मोरजेची_बाय
माझी आजी हा पिवळा चीक डोळ्याला लावायची, डोळे आले की.

गोठा_डॉक्टर
बाय, कृपा करून कोणी लावू नका. डोळा जाईल.

सत्तरीकर
डॉक्टर, लक्षात ठेवतो. आता दुसरी भानगड. माझ्या चुलतभावाची जागा लागूनच आहे, तिथेही थोडी झाडं गेलीत. तो म्हणतो जेसीबी आणून सगळी माती खरवडूया, नाहीतर ट्रॅक्टरने नांगरूया, बुडासकट जाईल. किंवा मार्चमध्ये सुकल्यावर पेटवून देऊया.

रानभूल
तिन्ही नको.
नांगरलं की खालचं बी वर येतं आणि वरचं खाली साठतं, पुढच्या काही वर्षांची बेगमी. जेसीबीने माती खरवडली तर गवताची मुळंही जातात आणि यंत्राच्या साखळीला चिकटलेली माती पुढच्या माणसाच्या जागेत बी नेऊन टाकते. रस्त्यांच्या कामालगत हा असाच लांब पट्ट्यांत दिसतो. मार्चमध्ये पेटवणार म्हणताय तेव्हा बोंडं आधीच फुटून रिकामी झालेली असतील. जळतील ते वाळके दांडे आणि शेजारचे काजू. सत्तरीत उन्हाळ्यातली आग कुठवर जाते ते तुम्हाला मी सांगायला नको.

करायचं ते असं. झाडं आत्ता फुलावर आहेत, बोंडं हिरवी आहेत, म्हणजे वेळ अगदी योग्य आहे, पण फार नाही. सकाळी दवाने माती मऊ असताना जा, मुरुमाची जागा आहे म्हणून लहान पिकास घ्या. जाड हातमोजे, पायात बूट, पूर्ण बाह्या. बुडाशी माती सैल करून मूळ वितभर तरी निघालं पाहिजे. वरवर कोयत्याने कापलं तर बुडातून फांद्या फुटतात आणि खाली आडवं होऊन पुन्हा फुलतं, मग उपटायला जास्त जड जातं.
ज्यांना बोंडं धरली आहेत ती झाडं तिथेच टाकून येऊ नका. उपटलेल्या झाडातही ओल असते, हिरवं बोंड पिकू शकतं. आधी बोंडं कापून पोत्यात भरा, मग झाड उपटा. पोतं उन्हात पुरतं सुकवून मोकळ्या जागी, पाण्याची बादली जवळ ठेवून जाळा, किंवा खोल खड्ड्यात पुरा. शेणखताच्या खड्ड्यात मात्र अजिबात नाही, तिथूनच तर आलंय.

डिचोलकर
गाजर गवतावर भुंगा सोडतात ना सरकारी लोक, तो याला चालत नाही का?

रानभूल
नाही. तो झायगोग्रामा भुंगा मेक्सिकोहून १९८० च्या दशकात बंगळुरूला आणला, तो गाजर गवताचा पाहुणा. धोतऱ्याकडे बघणारही नाही. आणि वर किवीभाऊंनी सांगितलंय ना, किडा सोडणं हे घरी बसून ठरवायचं काम नाही.

किवी_गोंयकार
मला एक सांगावंसं वाटतं. इथे आमचा मालक थिसल दिसलं की आधी थिसलकडे बघत नाही, गवताकडे बघतो. कुठे चरून माती उघडी पडलीय ते शोधतो. दाट गवतात रोपाला उजेड मिळत नाही. सत्तरीकरांनी लिहिलंय की गवत चरून बोडकं झालंय. उपटलेल्या प्रत्येक झाडाखाली एक भोक राहणार, तिथे काही लावलं नाही तर पुन्हा तेच.

वायंगण
+१. तो तुकडा निदान एक पावसाळा मोकळा सोडा, गुरं दुसरीकडे बांधा. मृगाच्या पावसावर स्टायलो या चाऱ्याचं बी फोका, मुरमाड जमिनीत येतं आणि गुरं आवडीने खातात. गोठ्याजवळ पाणी असेल तर संकरित नेपियरच्या कांड्या लावा, म्हणजे सपाटीवरचा भार कमी होईल. बियाणं, कांड्या कुठे मिळतील ते वाळपईच्या विभागीय कृषी कार्यालयात विचारा. जुन्या गोव्याच्या आयसीएआरच्या (केंद्राच्या कृषी संशोधन परिषदेच्या) संस्थेतही चाऱ्यावर काम चालतं.

सत्तरीकर
एक पावसाळा मोकळा सोडायचा म्हणजे चाऱ्याचा खर्च वाढतो. गाई गावठी आहेत, श्वेतकपिला, दूध बेताचं. चरून येतात म्हणून परवडतात.

वायंगण
पूर्ण नको. निम्म्याला काट्यांचं कुंपण करा, धोतऱ्याचा पट्टा आहे तेवढाच अडवा. बाकीच्यात सोडा.

काणकोणी_माणूस
मजुरांचं राहिलंच. गावातले पोरगे क्रिकेटच्या मॅचीसाठी मैदान साफ करतात ना? त्यांना बोलवा आणि शेवटी मटण द्या. थट्टा नाही करत, आमच्याकडे गेल्या वर्षी रानमोडी हे तण असंच काढलं.

सत्तरीकर (काही आठवड्यांनी)
मंडळी, उशीर झाला. पोरगे आले होते, चुलतभाऊही आला, त्याच्या बाजूचंही काढलं. उपटताना एक गोष्ट स्वच्छ दिसली. ट्रक जिथे खाली केला होता तिथे झाडांची अगदी दाटी, तिथून कुळागराकडे जाणाऱ्या पायवाटेच्या दोन्ही बाजूंना तुरळक, कारण पाट्यांतून सांडत गेलं असणार. गुरांच्या पाणवठ्याच्या वाटेवर काही, खुरांच्या चिखलातून. बाकी सपाटीवर एकही नाही. कुळागरात तर इतकं खत टाकूनही एक रोप नाही.

रानभूल
कुळागरात नसणारच. सुपारी-केळीच्या दाट सावलीत त्याला ऊन मिळत नाही. खत तिथे थेट गेलं असतं तर तुम्हाला कळलंही नसतं.
आता पुढच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये त्याच जागांवर फिरा, रोपं बशीएवढी असतील, तेव्हा खुरप्याने काढायला काहीच लागत नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही फिरा. संख्या कमी होत जाईल, पण एकदम थांबणार नाही.

सत्तरीकर
खत तर दरवर्षी लागतं. घेणं बंद करता येत नाही. एक विचार आहे : ट्रक आला की थोडं खत कुंडीत ओलं करून ठेवायचं, काय उगवतं ते बघून मग पसरायचं. चालेल?

रानभूल
मे महिन्यात नाही चालणार. धोतऱ्याला रुजायला गारवा लागतो, उन्हाळ्यात कुंडी कोरी दिसेल आणि तुम्ही निर्धास्त व्हाल. त्यापेक्षा खत घेतानाच हात घालून बघा. आत काड्या, पाचोळा ओळखू येतोय, वास उग्र आहे, तर ते कच्चं. कुजलेलं खत मातीसारखं सुटं होतं.

घाटावरचा
आणि ट्रक उतरवायची जागा बदला. सपाटीवर नको. कुळागराच्या वरच्या तोंडाशी थोडी जागा करता येते का बघा, सावलीत. ढिगावर जुनी ताडपत्री घाला, पावसात वाहणार नाही.

सत्तरीकर
वरच्या तोंडाशी जागा आहे, पण लागूनच व्हाळ आहे.

रानभूल
मग तिथे नको. बी पाण्याबरोबर थेट म्हादईच्या वाळूत जाईल आणि खालच्या गावांना भेटेल. गोठ्याच्या मागे, व्हाळापासून लांब, रोज नजर पडते अशा जागी घ्या. तिथे रोप उगवलं तर चहा पितानाच दिसेल.

सत्तरीकर
गोठ्यामागे ट्रक वळायला फणसाची एक फांदी आड येते. तोडतो.

मोरजेची_बाय
फणस धरायच्या आधी नका तोडू हां!